हाफिज कूलरवाल्याचं ऑर्किड

हाफिजनं आयुष्यात एकाही गोष्टीला चांगलं म्हटलं नाही. मी त्याला ऐन जवानीपासून ओळखत होतो, म्हणून हे शपथेवर सांगू शकतो. बिर्याणी समोर ठेवली तर तांदूळ कुठल्या गावचा ते विचारायचा, आणि गावाचं नाव सांगितलं की त्या गावाला नावं ठेवायचा.

भद्रावतीच्या बसस्टँडमागे त्याचं पत्र्याचं दुकान होतं. होळीपासून मृगापर्यंत तो कूलर बनवायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या नाटक कंपनीबरोबर वडसा, आरमोरी, कुरखेडा असा फिरायचा आणि रंगमंचावरच्या दिव्यांचं काम बघायचा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या दिवसांत गावोगाव नाटकं होतात. तेव्हा आम्हा नटांना जो मान असतो तो मुंबई-पुण्याच्या नटांनी स्वप्नातच बघावा. हाफिज मात्र आम्हाला पंपातून पाणी न चढणाऱ्या कूलरच्या भावानं मोजायचा.

दिवे मंद करायला त्यानं स्वतःचं एक यंत्र केलं होतं. मातीच्या नळकांड्यात मिठाचं पाणी आणि त्यात वर-खाली होणारी तांब्याची पट्टी. पट्टी वर ओढली की उजेड कमी. मी राजाच्या भूमिका करायचो. युवराज रणात पडल्याचं कळल्यावर माझा जो आक्रोश असायचा, तो माझ्या मते अख्ख्या झाडीपट्टीत गाजलेला होता. हाफिजच्या मते तो लांब होता. लांबला की तो पट्टी वर ओढायचा. मी अंधारात रडत राहायचो आणि लोकांना वाटायचं, प्रवेश संपला.

"काऊन बे, उजेड काऊन कमी केला?" मी आत जाऊन विचारायचो.

"पोरगा आज मेला, राजे. तुमी त्याच्या तेरवीपर्यंत रडून राह्यले."

तो मला आयुष्यभर 'राजे' म्हणाला, आणि ते त्यानं एकदाही आदरानं म्हटलं नाही.

दिसायला तो स्वतः काही कौतुकाच्या लायकीचा नव्हता. वाळलेल्या भेंडीसारखा देह, वर मेंदी लावलेली विरळ दाढी, बोटं पत्र्यानं कापलेली. चालताना एक खांदा पुढे जायचा, जणू तो कोणाला तरी ढकलून वाट काढतोय. अशा माणसानं दुसऱ्याच्या रूपावर, रंगावर, आवाजावर बोलावं, हा मला कायम उर्मटपणा वाटायचा. पण तो बोलायचा आणि आम्ही ऐकायचो, कारण दुर्दैवानं तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

असल्या माणसाच्या घरात ऑर्किड कसं शिरलं, ते आता सांगतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. हाफिज माजरीला कोळसा खाणीच्या ऑफिसात कूलर बसवायला गेला होता. बाजूला नव्या खाणीसाठी झाडं पाडणं चाललं होतं. एका आडव्या पडलेल्या मोहाच्या फांदीवर त्याला गवताचा एक जुडगा दिसला. शिसपेन्सिलीसारख्या गोल, हिरव्या काड्या, त्यांना ना पान म्हणावं ना देठ, आणि खाली दोरखंडासारखी पांढरी मुळं. आपल्याकडे झाडावर वाढणाऱ्या कशालाही लोक बांडगूळ म्हणतात. हाफिजनंही तेच म्हटलं आणि ते उपटून पिशवीत टाकलं. कारण खाणीच्या कूलरना वाळा पुरला होता, पण स्वतःच्या घरच्या कूलरची एक ताटी अर्धी राहिली होती. मुळं चिवट आहेत, पाणी धरतील, असा हिशेब करून त्यानं तो जुडगा वाळ्याबरोबर ताटीत कोंबला, वरून जाळी ठोकली आणि विसरून गेला.

ऑर्किड कूलरच्या ताटीत कोंबणारा माणूस जगात दुसरीकडे सापडणार नाही. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळाच पाहिजे.

श्रावणात त्यानं ताट्या उघडल्या. वाळा सडून काळा पडला होता. पण तो जुडगा जिवंत होता. मुळांची टोकं हिरवीगार झाली होती आणि त्यांनी लोखंडी जाळीला असं धरलं होतं, जशी आमच्या नाटकातली नायिका खलनायकाचे पाय धरते. हाफिज किती तरी वेळ ते बघत बसला. मग सुलताना भाभीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारली.

"पाय. माह्या कूलरवर जगलं हे. पूर्ण उन्हाळा."

"मंग? मी बी तुमच्याच कूलरवर जगून राह्यली," भाभी म्हणाली.

पण हाफिजचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. माझ्या मते त्याला त्या झाडाचं काही कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते स्वतःच्या कूलरचं. सगळं भद्रावती त्याच्या कूलरची हवा खायचं आणि उन्हाळा संपला की त्याला विसरायचं. या बांडगुळानं मात्र कूलरला मिठी मारली होती. गर्विष्ठ माणसाला जिंकायला एवढं पुष्कळ असतं.

दिवाळीत त्याची भाची आफ्रीन आली. ती ब्रह्मपुरीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. चहाचा कप हातात घेऊन ती त्या जुडग्यासमोर उकिडवी बसली.

"मामू, हे ऑर्किड आहे. लुईसिया म्हणतात. आपल्या जंगलात आहे, पण कोणाला माहीत नाही. कोणी लावतही नाही."

"काऊन नाई लावत?"

"फुलात दाखवण्यासारखं काही नसतं म्हणून."

ऑर्किड हा शब्द हाफिजनं ऐकला होता. नागपूरहून पाहुण्यांच्या सत्काराला जांभळी ऑर्किडं येतात, ती त्यानं स्टेजवर पाहिली होती. मीही पाहिली आहेत. प्लास्टिकसारखी दिसतात, वास नाही, आणि ज्याच्या हातात देतात तो माणूसही बहुधा तसाच असतो. पण मोठ्या लोकांच्या हातातली वस्तू आपल्या कूलरमध्ये उगवली, म्हटल्यावर हाफिजचा पुढे असलेला खांदा आणखी पुढे आला.

आफ्रीननं त्याला नीट समजावलं. हे झाड दुसऱ्या झाडाच्या सालीवर नुसतं बसतं, त्याचं काही खात नाही. मुळांना मोकळी हवा लागते. पावसाळ्यात पाणी, हिवाळ्यात थोडी तहान आणि उन्हाळ्यात भरपूर उजेड. "सालीच्या तुकड्यावर बांधा आणि बाहेर उन्हात टांगा, मामू. तापल्याशिवाय ते फुलणार नाही."

"उन्हात? चंद्रपूरच्या? तुह्या कॉलेजात हेच शिकवतेत? गाढव मरते त्या उन्हात."

"ते जंगलात उन्हातच असतं ना."

"जंगलात कूलर नाई म्हणून असते."

आफ्रीन कप ठेवून उठली. तिचं बोलणं अक्षरशः खरं होतं, हे आज कोणीही मान्य करेल. पण हाफिजनं आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली होती. मे महिन्यात माणूस, म्हातारी, बकरी, तान्हं मूल, जे कोणी कूलरसमोर आणलं ते वाचलं. त्या शास्त्रापुढे भाचीचं शास्त्र त्याला पोरकट वाटलं. त्यानं त्या झाडासाठी एक छोटा कूलर बनवला. वीतभर पंखा, चारही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. मधल्या खोलीत खिडकीला जाड पडदा लावून, अंधार करून, ते ऑर्किड त्या कूलरसमोर टांगलं. त्या खोलीत मी एकदा गेलो तेव्हा मला वाटलं, बाजूला अत्तराची कुपी आणि नाचणारी बाई ठेवायची तेवढी राहिलीय. नबाबही इतक्या थाटात आजारी पडले नसतील.

झाड वाढलं. लांब, मऊ, काळपट हिरवं झालं. फूल मात्र आलं नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला.

आता शालिकरामकडे वळावं लागेल, तशी इच्छा नाही तरी. शालिकराम दारूगोळा कारखान्याच्या कॉलनीत राहायचा आणि तिथल्या बागप्रेमी मंडळींचा सेक्रेटरी होता. दर जानेवारीत कॉलनीच्या मैदानावर फुलांचं प्रदर्शन भरायचं. ग्लॅडिओलस, डेलिया, शेवंती. सगळी फुलं ताठ उभी, काठ्यांना बांधलेली, जणू परेडला आली आहेत. शालिकराम माइकवर प्रत्येक कुंडीला "अप्रतिम" म्हणायचा. ज्या बाईची शेवंती कोमेजलेली असायची तिच्या शेवंतीला "मोहक" म्हणायचा. साहेबांच्या बायकोची कुंडी आली की "निसर्गाची किमया" म्हणायचा. त्याच्या कोशात एवढेच तीन शब्द होते आणि तेवढ्यावर त्यानं अख्खी नोकरी काढली.

त्या वर्षी हाफिज आपलं ऑर्किड घेऊन प्रदर्शनात गेला. मीही बरोबर होतो, कारण गंमत बघायची संधी मी सोडत नाही. टेबलावर त्यानं तो हिरव्या काड्यांचा जुडगा ठेवला. लोक थांबायचे, बघायचे आणि पुढे जायचे. एका बाईनं विचारलं, हा झाडू कितीला.

शालिकराम आला. "हाफिजभाऊ, हे काय आणलं? कांद्याची पात?"

"ऑर्किड हाय."

"फूल कुठी हाय?"

"येईल."

"फुलांचं प्रदर्शन आहे, भाऊ. येणाऱ्या फुलांचं नाई." लोक हसले. शालिकरामला लोक हसलेले फार आवडायचे. "तीस वर्षं तुमी आमच्या फुलाइले नावं ठेवली. माह्या ग्लॅडिओलसले तुमी काय म्हणले होते, आठवते?"

"रंगवलेली लौकी म्हणलो होतो. आताही म्हणतो."

"आन तुमचं काय? तीन वर्षं कूलर लावून एक कळी नाई."

हाफिजचा जबडा हलला. मी त्याला दिव्यांच्या मागे हजार वेळा पाहिलं होतं, पण तो असा पहिल्यांदाच दिसला. तीस वर्षं त्यानं ज्यांना ज्यांना नावं ठेवली होती ते सगळे तिथे उभे होते. जिचा स्वयंपाक त्यानं लग्नात थुंकून टाकला होता ती, ज्याच्या पोराच्या गाण्याला तो पंपाचा आवाज म्हणाला होता तो. सगळे वाट बघत होते. त्याच्या जागी मी असतो तर चक्कर येऊन पडलो असतो. आम्हा नटांना तो एक रस्ता असतो.

"मृग लागायच्या आत फूल येईल," हाफिज म्हणाला.

"नाई आलं तर?"

"नाई आलं तर त्या दिवसापासून मी कोनाच्याच कामाले नाव ठेवणार नाई. जिंदगीभर. राजे साक्षीले हायेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या फूल येऊ नये म्हणून होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. मीही वाजवल्या, आणि त्या क्षणी मला जरा गारही वाटलं.

त्या उन्हाळ्यात हाफिजनं त्या झाडाची जी सेवा केली ती एखाद्या पिराच्या दर्ग्याची झाली नसेल. कूलरच्या टाकीत बर्फ टाकायचा. वाळ्यावर अत्तर शिंपडायचा. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा मी भर दुपारी त्याच्या घरी गेलो होतो. रस्त्यावरचं डांबर वितळायची वेळ. मधल्या खोलीत हाफिज उघड्या अंगानं बसून एका पुठ्ठ्यानं त्या झाडाला वारा घालत होता. घाम त्याच्या दाढीतून टपकत होता. बाजूला भाभी पदरानं स्वतःला वारा घेत बसली होती.

"माह्याकडे एक झटका मार ना," ती म्हणाली.

"तू थांब."

"निकाह माह्याशी झाला का त्याच्याशी?"

"तुले फूल येणार हाय का मृगात?"

भाभीनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मी हाफिजला म्हणालो, आफ्रीनचं ऐक, बाहेर टाक, ऊन लागू दे. तो म्हणाला, "राजे, तुमी राजाचे कपडे घालून उन्हात दोन मिनिटं उभे राहून दाखवा, मंग मी त्याले ठेवतो." मी घरी जाऊन झोपलो.

मृग लागला. झाडावर एक कळी नव्हती. पाऊस यायच्या आधी शालिकराम आला, आणि तोही एकटा नाही, कॉलनीतली चार माणसं घेऊन. मधल्या खोलीचा पडदा बाजूला करून सगळ्यांनी आत डोकावलं. हाफिज उभा होता.

"मंग, भाऊ?" शालिकराम म्हणाला.

"दिलेला शब्द हाय," हाफिज म्हणाला, आणि त्या दिवसापासून खरोखर गप्प झाला.

गप्प म्हणजे मुका नव्हे. सलाम करायचा, चहा मागायचा, कूलरचा भाव सांगायचा. पण नाव ठेवणं बंद. आणि हाफिजमधून नावं ठेवणं काढून टाकलं की मागे जे उरतं ते फार थोडं होतं. पंखा काढलेला कूलर समजा. टाकी आहे, पाणी आहे, पण समोर बसून काही उपयोग नाही.

दिवाळीनंतर आमची नाटकं सुरू झाली. ती माझी शेवटची वर्षं होती. गळा बसायला लागला होता, टकलावरून मुकुट घामानं निसटायचा. पहिल्याच प्रयोगाला मी युवराजासाठी रडायला लागलो. रडलो, रडलो, उजेड काही कमी होईना. उजेड कमी करणं म्हणजेही नाव ठेवणं, असा त्यानं अर्थ लावला होता. मी इतका रडलो की पुढच्या रांगेतल्या बायांनी मुरमुऱ्यांची पुडी सोडली. शेवटी सेनापतीनं स्वतःच्या अकलेनं मला हात धरून आत नेलं.

"कसं झालं?" मी हाफिजला विचारलं.

"बरं झालं."

"लांबलं नाई?"

"तुमाले वाटते तेवढं."

त्यानं मला जोड्यानं मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. त्या हंगामात आमची कंपनी इतकी रटाळ झाली की लाज वाटावी. हास्यनट आचरट झाला, खलनायक भसाड्या आवाजात ओरडायला लागला, नायिका गाणं संपल्यावर पुन्हा धरायची. सगळे एकमेकांना "मस्त झालं" म्हणायचो. ज्या कंपनीत सगळेच एकमेकांना मस्त म्हणतात तिथे गावाबाहेरची कुत्रीसुद्धा नाटक बघायला येत नाहीत. शालिकराम मात्र एकदा आला होता. आत येऊन म्हणाला, "अप्रतिम."

घरी सुलताना भाभीचे हाल वेगळे. संक्रांतीच्या सुमारास मी गेलो तर ती चुलीपुढे रडत होती. मला वाटलं, धूर असेल.

"भाऊ, आज भाजीत मीठच नाई टाकलं," ती म्हणाली. "मुद्दाम. पूर्ण खाल्ली. म्हणते, बरी हाय."

"बरंच म्हणते ना?"

"बरी काय करू मी? तीस वर्षं ह्यानं माह्या हातचा एक घास चूप नाई खाल्ला. मीठ कमी, तिखट जास्त, रोटी जळली. मी बोलायची, तो बोलायचा. घरात माणूस हाय असं वाटे. आता भुतासोबत जेवून राह्यली." मग ती उठली, मधल्या खोलीत गेली आणि तो जुडगा तारेसकट घेऊन आली. "ह्या बांडगुळानं माह्या माणसाचं तोंड खाल्लं."

तिनं ते झाड मागच्या अंगणात नेलं. तिथे एक बोडखं बोरीचं झाड होतं. त्याच्या फांदीला तिनं ते जुन्या नाडीनं करकचून बांधलं, अशा जागी की सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन चुकू नये. "मर इथी," ती म्हणाली. एवढ्या मनापासून शाप देताना मी स्टेजवरही कोणाला पाहिलेलं नाही. हाफिज दारात उभा राहून बघत होता. त्यावर नाव ठेवता येत नव्हतं, म्हणून तो काही बोलला नाही.

उन्हाळा आला. मधल्या खोलीतला छोटा कूलर बंद पडून राहिला. बोरीवरच्या काड्या सुरकुतल्या, तांबूस झाल्या. त्यांना कोणी पाणी घालत नव्हतं. भाभी भांडी घासून उरलेलं पाणी बोरीच्या बुडाशी फेकायची, त्यातले दोन शिंतोडे वर गेले तर गेले. हाफिज सकाळी दुकानात जाताना मागच्या दारानं जायचा, एवढं मी पाहिलं होतं. मागचं दार दुकानाच्या वाटेवर नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी भाभी राखेचं टोपलं घेऊन माझ्याकडे आली. तिचं-माझं घर एकाच गल्लीत.

"भाऊ, त्या झाडाले किडे लागले. काळे काळे. राख टाकू का घासलेट?"

मी चष्मा लावून गेलो. फांदीजवळ तोंड नेलं. काड्यांच्या बगलेत, अगदी खोडाला चिकटून, बोटाच्या पेराएवढी फुलं बसली होती. पिवळट हिरव्या पाकळ्या आणि मधे एक जाड, काळपट लाल जीभ. खरंच, शेणकिडा पाठ वर करून बसावा तसं दिसत होतं. मी वास घेतला आणि लगेच नाक मागे घेतलं. एवढ्यासाठी बर्फ, अत्तर, पुठ्ठ्याचा वारा. एवढ्यासाठी एका माणसाचं तोंड बंद झालं. नागपूरची प्लास्टिकची ऑर्किडं मला तेव्हा पहिल्यांदा बरी वाटली.

"भाभी, राख टाकू नका," मी म्हणालो. "हे फूल आहे."

तिनं टोपलं खाली ठेवलं. "हे?"

हाफिज मागे येऊन उभा होता. त्यानं पाहिलं. जवळ गेला, आणखी जवळ गेला. त्याचा चेहरा काही सांगेना. मी म्हणालो, आता तरी बोल. तो म्हणाला, "मृग म्हणलो होतो. तो मृग गेला." आणि दुकानात निघून गेला.

मला ते सहन झालं नाही. राजाच्या भूमिका केल्यामुळे आपण मध्ये पडून न्याय करू शकतो, असा माझा समज आहे. मी कॉलनीत शालिकरामच्या घरी गेलो. तो अंगणात कुंड्यांना गेरू लावत होता. मी म्हणालो, फूल आलंय, माणसाला मोकळं कर.

"एक वर्ष उशिरा आलं, भाऊ. शब्द तो शब्द," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पण पाहायले येतो. आपण मोठ्या मनाचे लोक आहो. दोन चांगले शब्द बोलतो त्याच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. हाफिज दुकानात जायला निघालाच होता, भाभीनं त्याला मागच्या अंगणात बोलावलं. शालिकराम बोरीसमोर उभा राहिला, हात मागे बांधले आणि घसा साफ केला. त्याच्यापुढे माइक नव्हता, पण त्याला माइक लागत नाही.

"अप्रतिम," तो म्हणाला. "काय नाजूक फूल. मोहक. खरोखर निसर्गाची..."

"नाजूक?" हाफिज म्हणाला.

भाभीच्या हातातली बादली थांबली.

"काय म्हणलं, नाजूक?" हाफिज पुढे आला, खांदा आधी. "शालिकराम, तुह्या तोंडावर डोळे हाय का शर्टाचे बटन हाय? हात लाव. लाव ना. चपलीच्या चामड्यासारखं जाड हाय हे. कुठून नाजूक दिसलं तुले?"

"हाफिजभाऊ, मी तर चांगलंच..."

"मोहक म्हणते. वास घे. राजे, ह्याचं डोकं धरा, नाक लावा तिथी. सडल्या ताटीचा वास हाय. रंग पाय, कोंबडी कापून दोन दिवस झाले असे. आन कळ्या पाय, सगळ्या एकीकडे, दुसरी बाजू खाली. बसायचीबी अक्कल नाई. खोडाले चिकटून बसले, बाहेर तोंड काढायची हिंमत नाई. चार वर्षं ह्याले हवा दिली मी, आन फुललं कधी, तर माह्या बायकोनं मर म्हणल्यावर."

"तुमी बोलले," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात आनंद होता. "तुमी नाव ठेवलं. चार लोकाइच्या समोर दिलेला शब्द मोडला तुमी."

हाफिज थांबला. तीस वर्षांत त्यानं कोणाला दिलेला कूलर एक दिवस उशिरा दिला नव्हता, हे मला माहीत होतं. त्याचा जबडा पुन्हा तसाच हलला, प्रदर्शनाच्या दिवशी हलला होता तसा. भाभी त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता हा परत दुकानाकडे वळणार.

"मोडला," तो म्हणाला. "जा, सांग कॉलनीत. माइक लावून सांग. हाफिज शब्दाचा खोटा निघाला म्हण, मी नाई म्हणणार नाई. पण माह्या अंगणात उभं राहून ह्याले मोहक म्हणशील, ते मी मेलो तरी ऐकून घेणार नाई. फूल हाय ते. तुले पाहून फुललं नाई आन तुह्यासाठी फुललं नाई."

शालिकरामनं माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होतो, मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी नको तेव्हा बोललोय. तिथे नाही बोललो.

"आन आता बाजूले हो," हाफिज त्याला म्हणाला. "सकाळपासून इथी उभा हाय. त्याचं ऊन अडवून राह्यला."

शालिकराम दोन पावलं सरकला. हाफिजनं त्याला आणखी सरकायला लावलं.